गाण्याखालचं बोलणं

जगातली कुठलीही वस्तू जेवढी दिसते तेवढीच असते, हे माझ्या थोरल्या साडूंना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. साधी टाचणी हातात दिली तरी ते ती डोळ्याजवळ धरून उलटीसुलटी करतील आणि म्हणतील, "हिच्यात आणखी काहीतरी सोय असणार." टेलिफोन खात्यात उभी हयात काढली, निवृत्त होऊन दिवेआगरला आपल्या पोफळीच्या वाडीत येऊन राहिले, पण बोटांना स्वस्थता म्हणून नाही. "कंपनीवाले सगळं सांगत नाहीत हो," हे त्यांचं लाडकं वाक्य. "अर्धं सांगतात. उरलेलं अर्धं आपण शोधायचं." त्या उरलेल्या अर्ध्याच्या नादात त्यांनी ताईंचा मिक्सर दोनदा दुरुस्तीला धाडला. (ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण.) श्रीवर्धनच्या दातांच्या डॉक्टरांकडे तर त्यांनी कमालच केली. तोंडाचा आ वासलेला, हिरडीत सुई टोचलेली, आणि अशा अवस्थेत यांचा हात खुर्चीखाली चाचपतोय! कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि खुर्ची सपाट होऊन साडूंचे पाय डॉक्टरांच्या हनुवटीपर्यंत गेले. बाहेर आल्यावर अर्धं तोंड बधिर असताना मला म्हणतात कसे, "बघितलंत? हे खुद्द त्यांनाच माहीत नव्हतं."

अशा माणसाच्या हाती त्यांच्या मुलीने आपला जुना लॅपटॉप दिला आणि त्यात व्हिडिओ बघायचा एक प्लेअर होता. तुम्हीआम्ही प्लेअरचं काय करतो? चालू करतो, बंद करतो, आवाज वाढवतो. साडूंनी पहिल्याच दिवशी चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबलं, आणि आत मेनू, मेनूच्या पोटात दुसरा मेनू, त्याच्या पोटात तिसरा असं सगळं घबाड उघडं पडलं. लगेच अलिबागला मला फोन. "अहो, स्पेसबार दाबला की चित्र थांबतं, ठाऊक होतं तुम्हाला?" ठाऊक होतं. पण एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला तसं तोंडावर कसं सांगायचं? "छे हो, काय सांगता!" मी म्हणालो, आणि तिथेच फसलो. त्या दिवसापासून रोज चहाच्या वेळी फोन वाजायचा आणि एक नवी सोय माझ्या पदरात पडायची. चित्र दीडपट वेगाने कसं पळवायचं, उपशीर्षकं पुढेमागे कशी सरकवायची, आवाज शंभराच्याही वर कसा न्यायचा. बंद केलेला व्हिडिओ पुन्हा उघडला की प्लेअर विचारतो, मागे जिथे थांबला होतात तिथून पुढे लावू का? याचं त्यांना विशेष कौतुक. "घरात असं कुणी विचारतं का हो आपल्याला?" ते म्हणाले. पलीकडून ताईंचा आवाज आला, "तुम्ही थांबता कधी, म्हणजे विचारीन!"

खरं सांगायचं तर या शोधांचे फायदेही झाले. त्यांच्या जावयाने नातीच्या नाचाचा व्हिडिओ मोबाइल भलताच धरून काढला होता, त्यामुळे पोर पालीसारखी भिंतीवर नाचताना दिसायची, आणि घरातली मंडळी तो व्हिडिओ झोपाळ्यावर कुशीवर पडून बघायची. साडूंनी मेनूच्या पोटातून चित्र फिरवायची सोय काढली आणि नात जमिनीवर आली. "माझ्या मानेचं दुखणं गेलं बाई," ताई म्हणाल्या. रेवदंड्याच्या एका कोळ्याच्या पोराच्या साखरपुड्याच्या व्हिडिओत ओठ आधी हलायचे आणि शब्द मागाहून यायचे, तोही साडूंनी दोन बटणांत जागेवर आणला. त्याने खूश होऊन पिशवीभर सुके बोंबील आणून दिले. शुद्ध शाकाहारी घर! ताईंनी ती पिशवी काठीला अडकवून, तोंड फिरवून कामवाल्या बाईंच्या घरी पोचती केली.

तोटेही झाले, नाही असं नाही. सत्काराची भाषणं दीडपट वेगाने ऐकायची सवय लागल्यावर त्यांना समोरच्या माणसाचा वेग सोसेना. मी जरा सविस्तर बोलायला लागलो की म्हणायचे, "तुम्हाला सव्वापट तरी करायला हवं." आणि गणपतीत काय केलं! आरत्या पाठ असलेली पिढी सरली, म्हणून आरतीचा व्हिडिओ टीव्हीला जोडून सगळ्यांनी त्याच्याबरोबर म्हणायचं असं ठरलं. साडूंनी आदल्या दिवशी नवीन सोय शोधली होती: इथपासून इथपर्यंतच्या दोन खुणा केल्या की तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. ती खूण काढायची राहून गेली. झालं! तेच कडवं पाळीपाळीने परत यायला लागलं. आरती मध्ये थांबवायची कुणाची छाती? सगळे म्हणताहेत, टाळ्या वाजताहेत, कापूर विझला, पुन्हा लावला, पुन्हा विझला, ताईंचा हात तबक धरून लुळा पडला. शेवटी कामवाल्या बाई दारातून म्हणाल्या, "आज देवाला निजू द्यायचा हाय का न्हाय?" तेव्हा कुठे साडूंच्या डोक्यात उजेड पडला. पण ओशाळतील तर शपथ. प्रसाद वाटता वाटता प्रत्येकाला त्या सोयीचं महत्त्व समजावून देत होते.

कारण पोटात काही ठेवणं त्यांना जमतच नसे. सापडलं की सांगायचं, आणि दिसेल त्याला सांगायचं. एसटीच्या कंडक्टरला सांगायचं, नारळ सोलणाऱ्याला सांगायचं. हरिहरेश्वरला अभिषेक चालू असताना त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं होतं, "गुरुजी, तुमच्या मोबाइलवर चित्राच्या उजव्या बाजूला दोनदा टिचकी मारून पाहिलीत का?" गुरुजींनी मंत्र न थांबवता नकारार्थी मान हलवली म्हणतात.

एवढा बोलका माणूस, पण एका माणसाशी त्यांचं बोलणं नव्हतं, आणि तो माणूस शेजारच्याच वाडीत राहत होता. तो म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, दादा. वडील लवकर गेलेले, दादांनी स्वतःचं शिक्षण सोडून वाडी सांभाळली आणि या धाकट्याला शिकवलं. साडू अजूनही कुठे चांगलं काही खाल्लं की बोलून जातात, "दादाला आवडलं असतं." भांडण झालं ते साडूंच्या मुलीच्या लग्नात, पंगतीवरून. आमच्याकडे पाहुण्याला पानावर बोलवायला यजमानाने स्वतः जायचं असतं, हात जोडून. निरोप चालत नाही. त्यातून दादा म्हणजे घरातलं सर्वांत मोठं माणूस. त्यांचं पान व्याह्यांच्या शेजारी, भोवती रांगोळी काढून मांडलेलं. दादांचं म्हणणं, "मला पानावर बोलावलंच नाही." साडूंचं म्हणणं, "मी स्वतः हात जोडून बोलावलं. तो आला नाही. व्याह्यांशेजारच्या त्याच्या पानावर भलताच माणूस जेवत होता. भर मांडवात माझा अपमान केला." दादा त्या दिवशी न जेवता घरी गेले ते गेले. पोरीला मुलगी झाली, ती नाचायला लागली, तरी दोघांमधला अबोला काही सुटला नाही. ताई तेवढ्या आमटीची वाटी पाठवत राहिल्या, आणि दादाही ती रिकामी न पाठवता चार सोललेल्या सुपाऱ्या घालून परत करत राहिले.

मग ते चक्रीवादळ झालं. दोन वाड्यांमधला दगडांचा गडगा ढासळला, दादांच्या पोफळी साडूंच्या वाडीत आडव्या झाल्या आणि साडूंचा माड दादांच्या विहिरीवर. सगळं गाव एकमेकांची झाडं उचलत होतं. हे दोघे आपापल्या पडवीत बसून, "त्याने सांगितलं तर उचलीन," म्हणत राहिले. शेवटी गड्यांनी कुणालाच न विचारता झाडं बाजूला केली. गडग्याला मात्र मोठं खिंडार पडलं होतं, ते दोघांनीही बुजवलं नाही आणि ओलांडलंही नाही.

गेल्या वर्षी कळलं की दादांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार आहे. दादांनी ऐंशी ओलांडलेली, वहिनी जाऊनही काही वर्षं झालेली, एकट्याने वाडीत राहणं आता होत नव्हतं. सुपारी उतरली की जायचं ठरलं. ही बातमी ऐकल्यावर साडूंचे रोजचे फोन बंद झाले. मी काळजीने विचारलं तर ताई म्हणाल्या, "लग्नाची कॅसेट बघत बसलेत. पोरीने पेनड्राइव्हवर घालून दिली ना, तेव्हापासून जेवणाचं भान नाही. या तुम्ही एकदा."

गेलो. साडू पडवीत लॅपटॉपसमोर बसले होते, डोळे लाल. मला बघताच म्हणाले, "पुरावा सापडला! दादा जायच्या आत त्याच्यापुढे ठेवणार. मी बोलावलं होतं की नव्हतं, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं." चित्र सुरू झालं. मांडव, केळीचे खांब, पंगत बसतेय. जुन्या कॅसेटवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे वर ढणाढणा गाणं ओतलेलं, बाकी काही ऐकू येत नाही. खांबाजवळ दादा उभे, रेशमी सोवळं नेसलेले. समोरून पस्तिशीतल्यासारखे तुरतुरीत साडू येतात, हात जोडतात, काहीतरी बोलतात, निघून जातात. "थांबा," साडू म्हणाले. चित्र एकेक पायरीने पुढे सरकवायची त्यांची लाडकी सोय त्यांनी वापरली. चित्र मोठं केलं. "बघा माझे ओठ. हा 'च'. आता हा 'ला'. चला! पुढे 'पानावर' स्पष्ट आहे." मला तिथे मिशी आणि चौकोनी ठिपके यापलीकडे काही दिसेना. "चहाचाही 'च' असू शकेल," मी म्हणालो. "मांडवात पंगतीला चहा विचारतात का हो?" साडू उखडले. त्यांना मी कधी एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "दादाला हेच दाखवलं तर तोही असंच म्हणेल. छे, आवाज हवा. आवाजाशिवाय काही खरं नाही."

आणि ते पुन्हा मेनूत शिरले. चहा झाला, ताईंनी घावन करून आणले, ते निवले, तरी हे आत. शेवटी आवाजाच्या मेनूच्या तळाशी त्यांना एक गोष्ट दिसली जी त्यांनी आजवर, का कोण जाणे, दाबली नव्हती. दोन्ही बाजू, डावी बाजू, उजवी बाजू. त्यांनी डावी दाबली आणि गाणं गेलं. एकदम, कुणी दार लावून घ्यावं तसं. कॅसेटवाल्याने गाणी सगळी उजवीकडे ओतली होती आणि लग्नाचा खरा आवाज डावीकडे जसाच्या तसा पडून होता. आमच्या पडवीत मांडव भरला. "वाढा, वाढा", "मठ्ठा इकडे", "अहो, हात आखडता घेऊ नका", कुणाचं तरी पोर रडतंय, आणि त्या सगळ्यातून माझ्या सासूबाईंचा खणखणीत हुकूम, "कोशिंबीर डावीकडे गं!" सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. ताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत धावत आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या.

साडूंनी ती जागा काढली. खांब, दादा, आणि हात जोडून येणारे तेव्हाचे साडू. त्यांचा आवाज स्पष्ट आला: "चला व्याहीबुवा, पानावर. फार ताटकळलात." तेव्हा कुठे लक्षात आलं की खांबाच्या आड व्याह्यांचा खांदा दिसतो आहे. हात व्याह्यांना जोडले होते. दादांना एक शब्द नाही. पडद्यावरचे साडू वळून निघूनही गेले. माझे साडू पडद्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "असू द्या हो, गर्दीत होतं असं." पण व्हिडिओ थांबला नव्हता. कॅमेरावाला कॅमेरा तिथेच टेकवून बहुधा जेवायला पळाला असावा, कारण चित्रात नुसता खांब आणि दादा राहिले होते. एक वाढपी लगबगीने आला. "दादा, वरपक्षाकडचे एक म्हातारे उभे आहेत, पान कमी पडतंय." आणि दादांचा आवाज, शांत: "माझं पान आहे ना, तिथे बसव त्यांना. बाळला सांगू नकोस, उगीच त्याच्या जिवाला घोर. मी दुसऱ्या पंगतीला बसतो." वाढपी घुटमळला. दादा म्हणाले, "जा रे. बाळ येईल मला बोलवायला."

बाळ म्हणजे माझे साडू. बाळ बोलवायला गेले नव्हते. दादांच्या पानावर परका माणूस पाहून, दादा रुसून गेले असं धरून चालले होते, आणि तो राग आजवर उराशी धरून बसले होते. साडूंनी स्पेसबार दाबला. मला वाटलं होतं, आता हे उठतील, लॅपटॉप घेऊन दादांकडे धावतील, निदान ताईंना म्हणतील, बघ माझा दादा कसा आहे! ते नुसते म्हणाले, "आपण हे ऐकलं नाही." मी म्हटलं, "म्हणजे?" "दादाने त्याला सांगितलंय ना, बाळला सांगू नकोस म्हणून. मग बाळला हे माहीत नाही." आणि डोळे पुसायचे ते न पुसता घावनाचं ताट पुढे ओढून ते गार घावन खाऊ लागले. ताईंनी ते ताट काढून घेतलं आणि म्हणाल्या, "राहू द्या हे गार. उद्या मी नीट स्वयंपाक करते. दोन पानांचा."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडूंनी धोतर नेसलं. धोतर! मी त्यांना मुलीच्या लग्नानंतर धोतरात पाहिलं नव्हतं. ओच्याशी झटापट करत ते गडग्याच्या खिंडारातून पलीकडे गेले. मी अलीकडे उभा होतो, मला राहवलं नाही. दादा पडवीत सुपारी कातरत बसले होते. साडू पडवीसमोरच्या खळ्यात उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "दादा, चला पानावर." अडकित्ता थांबला. दादांनी वर पाहिलं, धोतराकडे पाहिलं, परत तोंडाकडे पाहिलं. "एवढा उशीर?" ते म्हणाले. साडू म्हणाले, "पहिली पंगत लांबली." दादा उठले, आत गेले, आणि चांगला सदरा घालून बाहेर आले. खिंडारापाशी साडूंनी हात पुढे केला. दादा म्हणाले, "पडेन मी असं वाटतं काय रे मेल्या तुला?" पण हात धरला.

त्यानंतर दादांचं पुण्याला जाणं सुपारी उतरल्यावरही लांबलं, मग होळीपर्यंत लांबलं, मग मुलाने रजा काढून गाडीच आणायची ठरवली. तोवर रोज दुपारी साडू खिंडारातून बोलवायला जात. दादा मुद्दाम पहिल्या हाकेला उठत नसत, दुसरी हाक घेत. जेवण झालं की लग्नाचा व्हिडिओ लागायचा. दादांना हल्ली छापलेलं वाचता येत नाही, म्हणूनच हे मी लिहायचं धाडस करतोय. पण मोठ्या पडद्यावरची माणसं ते ओळखतात. जायच्या आदल्या दिवशी मीही तिथे होतो. पंगत आली, खांब आला, खांबाशी उभे असलेले रेशमी सोवळ्यातले दादा आले, आणि वर ते ढणाढणा गाणं. दादा जरा पुढे वाकले. "बाळ," ते म्हणाले, "या गाण्याखालचं बोलणं नाही का रे ऐकू येत? तुला म्हणे सगळी बटणं ठाऊक आहेत."

साडूंचा हात माऊसवर होता. ज्या माणसाने अभिषेक करणाऱ्या गुरुजींनासुद्धा सोडलं नाही, तो माणूस पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "नाही हो दादा. ह्यात तशी सोय नाही."

"नाही ना?" दादा म्हणाले, आणि पुन्हा मागे टेकून बसले. "बरं आहे."